वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासताना: एमटीटी की एसआरबी?

एमटीटी आणि एसआरबी या, छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींपैकी अर्क दिल्यावर किती उरल्या हे रंगावरून मोजणाऱ्या दोन चाचण्या. अर्क कच्चा आणि पेशी प्लेटच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या असतील, तर एसआरबी घ्या. ल्युकेमियासारख्या तरंगत्या पेशींना एमटीटी सोयीची, कारण एसआरबीच्या धुण्यात त्या सहज वाहून जातात.

एमटीटी पेशींचा चयापचय मोजते. जिवंत पेशींतली विकरे एमटीटी या पिवळ्या रसायनाचे जांभळे स्फटिक, म्हणजे फॉर्माझान, करतात. मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम तीव्रता, ३७ अंशांना ३-४ तास, मग माध्यम (पेशी वाढवायचा द्रव) काढून स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचे. काम झटपट होते, पण घोटाळा खुद्द अर्कच करतो. क्वेर्सेटिनसारखी पॉलिफिनॉल्स आणि क जीवनसत्त्व पेशींशिवायच एमटीटीला जांभळे करतात. मेलेल्या पेशी मग जिवंत भासतात आणि कामाचा अर्क निकामी म्हणून बाजूला पडतो. म्हणून काही खळग्यांत पेशी न टाकता फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी ठेवाच. तिथे मात्रेनुसार रंग चढत गेला, तर त्या अर्कापुरती एमटीटी सोडून द्यावी. तिथले रीडिंग नुसते वजा करून भागत नाही.

एसआरबी (सल्फोरोडामाइन बी हा रंग) पेशींतली प्रथिने रंगवते आणि अर्क त्याआधीच धुऊन जातो, म्हणून हरितद्रव्याचा हिरवा रंगही आड येत नाही. २०० मायक्रोलिटर माध्यमावर पेशी तळाला पक्क्या बसवणारे ५० मायक्रोलिटर थंडगार ५० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) खळग्याच्या भिंतीवरून हळूच सोडा. धार थेट तळावर पडली की पेशी सुटतात. ४ अंशांना एक तास ठेवा, पाण्याने ४-५ वेळा धुवा, पूर्ण वाळवा. मग १ टक्का ॲसिटिक ॲसिडमधला ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास. जादा रंग १ टक्का ॲसिटिक ॲसिडनेच धुवा. पाणी वापरले तर पेशींचा रंगही निघतो. प्लेट वाळली की १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये रंग विरघळवायचा. इथे हमखास चूक होते ती सामू ७-८ ला आणलेला ट्रिस वापरण्याची. बेस तसाच, साधारण १०.५ सामूचा हवा, नाहीतर रंग नीट सुटत नाही. टॅनिन भरपूर असलेला अर्क मात्र माध्यमातली प्रथिने साकळवतो आणि तो साका रंग धरतो, तेव्हा पेशीविरहित खळगे इथेही लागतातच.

एसआरबीचा आणखी एक मोठा फायदा: अर्क घालतानाच एक प्लेट टीसीएने स्थिर करून ठेवा. शेवटचे रीडिंग तिच्यापेक्षा कमी आले तर पेशी घटल्या. जास्त, पण कंट्रोलपेक्षा (अर्क न दिलेल्या पेशींपेक्षा) कमी आले तर वाढ मंदावली.

पद्धत कुठलीही असो, डीएमएसओ सगळ्या खळग्यांत सारखे आणि ०.५ टक्क्यापर्यंतच ठेवा. २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या साठ्यातून मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमची मात्रा दिली, की ही मर्यादा गाठली जाते. सदाफुलीतले व्हिंक्रिस्टीन विभाजन होतानाच पेशीला अडवते. असा अर्क २४ तासांत फिका वाटतो, म्हणून ७२ तासांचे रीडिंग घ्या. सोबत निरोगी पेशींची एक प्लेट असू द्या. तिथेही तितक्याच मात्रेला पेशी मरत असतील, तर तो अर्क सरसकट विषारी आहे.