द हू चा 'टॉमी': फक्त पिनबॉलचं गाणं ऐकून सोडू नका

नगरहून दौंडकडे जाताना अरणगाव लागतं, तिथे टेकडीवर मेहेर बाबा या मौनी आध्यात्मिक गुरूंची समाधी आहे, आणि १९६९ साली लंडनमध्ये तयार झालेल्या एका डबल एलपीच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून याच बाबांचं नाव छापलंय. अल्बम म्हणजे 'टॉमी', गाण्यांतून एकच गोष्ट सांगणारा रॉक ऑपेरा, बँड इंग्लंडचा द हू. आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्यांना यातलं 'पिनबॉल विझार्ड' बहुतेक माहीत असतं, बाकीची तेवीस गाणी तशीच राहून जातात, आणि मग लोक म्हणतात की साठच्या दशकातलं नशेतलं काहीतरी प्रकरण असेल. अजिबात नाही. हा बाबांच्या एका भक्ताने केलेला अल्बम आहे, आणि तसा ऐकला तरच तो नीट उलगडतो.

गोष्ट अशी. कॅप्टन वॉकर युद्धात बेपत्ता होतो, इकडे टॉमीचा जन्म होतो. १९२१ मध्ये बाप अचानक परत येतो, आईच्या प्रियकराला मारतो आणि पोराच्या डोळ्यांसमोर हे सगळं घडतं. आईबाप त्याला बजावतात की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाहीस. पोरगं ते शब्दशः पाळतं, आंधळं बहिरं मुकं होतं. (यावर निघालेल्या सिनेमात उलटं आहे, तिथे बापच मरतो, त्यामुळे सिनेमा आधी पाहिलेल्यांचा गोंधळ होतो.) पुढे चुलतभाऊ छळतो, काका लैंगिक अत्याचार करतो, बाप डॉक्टरकडे नेतो, आणि तो मुलगा एकटाच आरशात बघत राहतो. शेवटी आई आरसा फोडते आणि तो बरा होतो, लोक त्याला देव मानायला लागतात.

हे सगळं डोक्यात घेऊन बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड १९६८ मध्ये मुलाखतींतून सांगत फिरत होता, गाणी पूर्ण व्हायच्या आधीच. सप्टेंबर १९६८ ला लंडनच्या पोर्टलँड प्लेसवरच्या आयबीसी स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं ते थेट मार्च १९६९ पर्यंत चाललं, आठ ट्रॅकच्या मशीनवर. बँडवर कर्ज होतं, स्टेजवर गिटार आणि ड्रम फोडण्यातच बरेच पैसे जायचे, म्हणून मधेमधे बाहेर शो करून स्टुडिओचं बिल भरायचं आणि परत येऊन रेकॉर्डिंग. निर्माता किट लॅम्बर्ट, बँडचा मॅनेजरही तोच, आणि त्याचे वडील कॉन्स्टंट लॅम्बर्ट हे नावाजलेले संगीतकार. त्यामुळे ऑपेरा, ओव्हर्चर (ऑपेराच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत) ही भाषा त्याच्या घरातलीच होती. गोष्ट हातातून निसटायला लागली तेव्हा त्याने सिनेमाची पटकथा लिहावी तसं सगळं लिहून काढलं, छापून आणलं आणि बँडच्या हातात दिलं. त्याला ऑर्केस्ट्रा हवा होता, टाउनशेंडने मात्र ठाम नकार दिला, आणि माझ्या मते अल्बम वाचला तो या नकारामुळेच. चौघांनी जे वाजवलं तेवढंच आहे, ओव्हर्चरमध्ये फ्रेंच हॉर्न ऐकू येतो तोही बासवाला जॉन एंटविसलच वाजवतोय. म्हणून तर हा अख्खा अल्बम ते स्टेजवर नेऊ शकले.

एंटविसलचं आणखी एक काम सांगायलाच हवं. छळाची दोन गाणी, कझिन केविन आणि अंकल अर्नीवालं, टाउनशेंडला लिहवेनात म्हणून त्याने ती एंटविसलला लिहायला सांगितली. लहानपणी आजीकडे असताना स्वतःवर काय गुदरलं याबद्दल टाउनशेंड खूप वर्षांनी मोकळेपणाने बोलला, आणि ते कळल्यावर ही गाणी ऐकताना पोटात गोळा येतो. चाल जवळजवळ खेळकर आहे आणि म्हणूनच जास्त अंगावर येते. घरात लहान मुलं असतील तर स्पीकरवर लावण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता पिनबॉल. अल्बम बराचसा झाल्यावर निक कोन या समीक्षकाला तो कच्च्या अवस्थेत ऐकवला, त्याला फारसा आवडला नाही, जड वाटला. कोनला पिनबॉलचा प्रचंड नाद, म्हणून टाउनशेंडने हिरोला पिनबॉलचा चॅम्पियन करून टाकलं आणि एक नवीन गाणं लिहिलं. म्हणजे सगळं जग ज्या गाण्यामुळे हा अल्बम ओळखतं ते मूळ आराखड्यात नव्हतंच. पण गाणं कसलं आहे! सुरुवातीला एकटी अकूस्टिक गिटार, कॉर्ड एकेक पायरी खाली उतरतात, मग हात इतका वेगात चालायला लागतो की तारा मोजता येत नाहीत, आणि त्यावर इलेक्ट्रिक गिटारचा एकच दणका. हेडफोन लावून तो दणका नीट ऐका. मार्च १९६९ मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरपर्यंत गेलं, बीबीसीच्या डीजेने नाक मुरडलं तरी.

अल्बम मे मध्ये निघाला. काही समीक्षकांनी विकृत म्हटलं, अपंग मुलाचा आणि अत्याचाराचा बाजार मांडलाय म्हणाले, तर बाकीच्यांनी रॉक इथे वयात आलाय असं म्हणत डोक्यावर घेतलं. ब्रिटनमध्ये दुसरा नंबर, अमेरिकेत चौथा. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात पहाटे त्यांनी तो वाजवला आणि 'सी मी फील मी' च्या वेळी सूर्य उगवला, आणि ७ जून १९७० ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये एका दिवसात दोन शो केले. विकृत म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, पण पटत नाही, कारण अल्बम एकदाही त्या मुलाची मजा घेत नाही. 'ख्रिसमस' ऐका, बाहेर सणाची धांदल, पोराला येशू कोण हेच माहीत नाही म्हणून बाप कासावीस, टॉमी ऐकू येतंय का म्हणून हाका चालल्यात, आणि मधेच सगळं थांबून आतून उत्तर येतं, मला बघा, मला स्पर्श करा. ते उत्तर घरातल्या कुणालाच ऐकू जात नाही, फक्त आपल्याला.

इथेच मेहेर बाबा येतात. पुण्यात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, १० जुलै १९२५ पासून मौनात, आधी अक्षरांच्या पाटीवर आणि नंतर नुसत्या खुणांनी बोलणारे. टाउनशेंडला त्यांची ओळख करून दिली माइक मॅकिनर्नीने, त्यानेच या अल्बमचं जाळीदार निळं कव्हर काढलं. ज्याच्या मौनात जगाला काहीतरी भरलेलं दिसतं अशा माणसाचा अनुयायी मुक्या मुलाची गोष्ट लिहितो, हा योगायोग नाहीच. बाबांनी नशेच्या औषधांना स्पष्ट विरोध केला होता, आणि अल्बममध्ये 'ॲसिड क्वीन'च्या (ॲसिड म्हणजे एलएसडी) उपचाराने टॉमीला काहीच फरक पडत नाही हेही बघा. बरा झाल्यावर टॉमी स्वतःचा पंथ काढतो, भक्तांच्या डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, तोंडात बूच, हॉलिडे कॅम्पमध्ये धंदा सुरू, आणि शेवटी भक्त बंड करून उठतात. स्वतः भक्त असलेल्या माणसाने बुवाबाजीवर इतकं कडक लिहावं, याला धाडस लागतं. बाबा ३१ जानेवारी १९६९ ला गेले तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यांची आणि टाउनशेंडची भेट कधीच झाली नाही.

कमी कुठे पडतो तेही सांगते. 'अंडर्चर' हा नुसत्या वाद्यांचा तुकडा दहा मिनिटांचा आहे आणि त्यातलं बरंचसं 'स्पार्क्स'मध्ये आधीच येऊन गेलेलं असतं, ते पाच मिनिटांत संपलं असतं तर बरं झालं असतं. 'वेलकम' रेंगाळतं. आरसा फुटल्यापासून गोष्ट फारच घाईत पळते, टॉमी बरा कसा झाला आणि गुरू कधी झाला हे कव्हरमधल्या ओळी वाचल्याशिवाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळणार नाही. आणि कीथ मूनचे ड्रम्स, एवढा वादळी माणूस, इथे गोधडीखालून वाजल्यासारखे येतात. गायक रॉजर डाल्ट्रीचा आवाज मात्र या अल्बममध्ये पहिल्यांदा पूर्ण उघडतो, 'आय एम फ्री' एवढं एकच ऐकलं तरी कळेल.

घ्यायचा कुठला? १९९६ ची सीडी हे नवं मिक्सिंग आहे, स्वच्छ आहे, पण मूळ एलपीचा पोत हवा असेल तर ते सोडून जुनं मिक्स असलेलं एडिशन शोधा. २०१३ च्या मोठ्या बॉक्स सेटमध्ये टाउनशेंडचे घरी केलेले डेमो आहेत, बजेट असेल तर त्यांच्यासाठी नक्की घ्या, अर्धा अल्बम त्याने एकट्यानेच आधी उभा केला होता हे त्यात दिसतं. बजेट नसेल तर साधा अल्बम आधी शब्द समोर ठेवून सलग सव्वा तास ऐका, शफल बंद करून, आणि मग १४ फेब्रुवारी १९७० चा लीड्स युनिव्हर्सिटीतला त्यांचा शो लावा, त्याच्या 'लाइव्ह ॲट लीड्स' या रेकॉर्डच्या २००१ च्या डिलक्स एडिशनमध्ये 'टॉमी' जवळजवळ पूर्ण आहे, आणि ड्रम्सबद्दलची माझी तक्रार तिथे 'स्पार्क्स' सुरू झाल्यावर राहतच नाही.