लिनक्समधल्या फालतू सर्व्हिसेस बंद करून आठ महिने झाले
जुना थिंकपॅड आहे, चार जीबी रॅम, त्यावर उबुंटू २२.०४. ॲडमिन मी, वापरणारे मी आणि बाबा. एका रविवारी डोक्यात किडा वळवळला म्हणून चालू सर्व्हिसेसची (मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम) यादी काढली, तर ब्लूटूथ चालू (या लॅपटॉपचं ब्लूटूथ कधीच मेलंय), सिमवाला डोंगल आयुष्यात लावला नाही तरी मोडेममॅनेजर चालू, प्रिंटर हुडकणारं कप्स-ब्राउज्ड पण चालू.

केलं ते स्पीडसाठीच, खोटं कशाला बोलू. तर स्पीडचं विसरा. मशीन सुरू व्हायचा वेळ मोजणाऱ्या सिस्टमडी-ॲनलाइझ कमांडच्या ब्लेममध्ये नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेट जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) सगळ्यात वर, म्हटलं सापडला चोर, बंद केला, डेस्कटॉप यायला वेळ तेवढाच! ब्लेममध्ये कोणी किती वेळ खाल्ला एवढंच दिसतं, कोणामुळे बाकीचे अडून बसले ते बघायला क्रिटिकल-चेन लागतं. रॅम थोडी वाचली, ती ब्राउजरच्या एका टॅबने गिळली.

खरा फायदा पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) बंद झाल्याचा. कप्स-ब्राउज्ड यूडीपी ६३१ या पोर्टवर कान लावून बसायचं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातलंच भोक उघडकीला आलं, कोणीही खोटा प्रिंटर घुसवायचा आणि आपण त्यावर प्रिंट मारली की त्याची कमांड आपल्या मशीनवर चालणार. पॅच आला नंतर, पण मला लागतच नाही तर ठेवू कशाला.

नुसतं स्टॉप मारून भागत नाही हे कप्सने (लिनक्सची प्रिंटिंगची सर्व्हिस) शिकवलं. सॉकेट आणि पाथ (गरज पडली की सर्व्हिसला उठवणारे) अजून जागे आहेत अशी वॉर्निंग आलेली, मी वाचलीच नाही, प्रिंटची खिडकी उघडली की स्वारी परत हजर. मग चिडून मास्क करत सुटलो, म्हणजे सर्व्हिस थेट डेव्ह-नलला (लिनक्समधला रिकामा खड्डा) जोडायची, कोणालाच चालू करता येत नाही. त्या झपाट्यात अवाही पण गेलं.

दोन महिन्यांनी बाबांना सातबाऱ्याची प्रिंट हवी होती, वायफाय प्रिंटर दिसेचना. राउटर दोनदा बंद-चालू केला, शाई बघितली, तासाभराने ट्यूब पेटली की नेटवर्कवर प्रिंटर शोधायचं काम अवाहीचंच. कप्स आणि अवाही दोन्ही अनमास्क केलं, सॉकेटसकट चालू केलं, मिनिटात प्रिंट. तेव्हापासून काय बंद केलं ते तारखेसकट एका फाइलीत लिहितो. बाबा तरी प्रिंटआधी विचारतातच, "आज काय बंद केलंयस रे?"

स्नॅपडीला (स्नॅप पॅकेजं सांभाळणारी सर्व्हिस) हात लावला नाही, २२.०४ मध्ये फायरफॉक्स त्यातूनच येतो.