संशोधन करार: तयार मसुदा की मास्टर ॲग्रीमेंट?

कंपनीबरोबरच्या संशोधनाचा करार महिनोन्‌महिने रेंगाळू नये म्हणून दोन उपाय सुचवले जातात. दर प्रकल्पाला तयार नमुना मसुदा वापरायचा, किंवा कंपनीशी एकदाच मास्टर ॲग्रीमेंट करून पुढे फक्त वर्क ऑर्डर काढायच्या. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत हे काम पाहताना मी दोन्ही वापरलं आहे.

नमुन्यांत ब्रिटनचं लॅम्बर्ट टूलकिट, म्हणजे विद्यापीठ-कंपनी संशोधनासाठीच्या नमुना करारांचा संच, मला आवडतं. २००५ पासून ते मोफत उपलब्ध आहे. आयपी (बौद्धिक संपदा, म्हणजे संशोधनातून निघालेल्या गोष्टींचे हक्क) संस्थेकडे राहणार की कंपनीकडे, यानुसार त्यात वेगवेगळे करार आहेत. त्यामुळे शब्दाशब्दावर वाद घालण्याआधी ‘आपल्याला यातला कुठला?’ हे ठरतं. मसुदा इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला आहे, तेव्हा न्यायक्षेत्र पुण्याचं करावं लागतं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ही सांभाळावं लागतं, कारण भारतात राहणाऱ्याला परवानगी न घेता थेट परदेशात पहिला अर्ज करता येत नाही. पण हे बदल एकदा करून ठेवले की झालं.

मला छळलं ते प्रकाशनाच्या कलमानं. पेपर पाठवण्याआधी कंपनीनं तो तपासायचा, ही अट रास्तच आहे; पेटंटचा अर्ज व्हायच्या आत माहिती उघड झाली तर नावीन्यच जातं. त्यासाठी साठ दिवसांची मुदत मागच्या प्रकल्पात ठरली होती. त्याच कंपनीच्या पुढच्या प्रकल्पाला लीगलमध्ये नवीन माणूस आला आणि नव्वद दिवस व लेखी परवानगी मागू लागला. पुन्हा पहिल्यापासून वाटाघाटी. सही नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून जेआरएफची (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाच्या जागेची) जाहिरात नाही. पीएचडीच्या मुलांचे महिने असे वाया जाताना बघवत नाही.

मास्टरची पहिली वाटाघाट लांबते, हे खरं. नंतर मात्र काम, मुदत, पैसे आणि पीआयचं (प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाचं) नाव एवढंच ठरवायचं उरतं. आयपीचा एकच नियम मास्टरमध्ये कायमचा बांधू नका. लॅम्बर्टसारखे दोन-तीन पर्याय परिशिष्टात ठेवा आणि वर्क ऑर्डरमध्ये त्यातला एक निवडा. बाकी विसंगती आली तर मास्टर ग्राह्य, असं स्पष्ट लिहा.

एकाच कामापुरता संबंध असेल, विशेषतः छोट्या स्टार्टअपशी, तर नमुना मसुदा पुरेल असं मला वाटतं. पण दुसऱ्या प्रकल्पाची थोडीजरी शक्यता असेल, तर मी पहिल्याच बैठकीत, बजेटवर बोलणं सुरू होण्याआधी, मास्टरचा विषय काढीन.