कमी साखरेच्या जॅमसाठी लो मेथॉक्सिल पेक्टिन, चार वेळा वापरून मग लिहितेय

आईला शुगर निघाल्यापासून आमच्याकडे जॅम बंदच झाला होता. साध्या पेक्टिनने, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्याच पदार्थाने, करायचा तर आंबटपणा तर हवाच पण साखरही साधारण ५५ टक्क्यांच्या वर लागते, नाहीतर तो सेट होतच नाही, नुसता पातळ रस. म्हणून हे पेक्टिन मागवलं, सोबत कॅल्शियमची छोटी पुडी येते.

मूळ पेक्टिन तेच, लिंबू-संत्र्याच्या सालीतून नाहीतर सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेलं, फक्त त्याच्या लांब साखळीसारख्या रेणूवरचे मिथाइल गट ॲसिडने किंवा एन्झाइमने काढून ५० टक्क्यांच्या खाली आणलेले असतात. ते गट गेले की साखळीवर निगेटिव्ह चार्ज उघडा पडतो आणि दोन साखळ्यांच्या मधे कॅल्शियम अडकून बसतं, तेच त्यांना धरून ठेवतं. म्हणजे साखरेशिवाय सेट होतो! मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

पण सवय व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा पावडर थेट गरम फळात टाकली तर गुठळ्या झाल्या, बाहेरून चिकट आणि आत कोरडी पावडर तशीच. नंतर गरम पाण्यात मिक्सरमधून फिरवून घेतलं तर मस्त विरघळलं. तिसऱ्यांदा घट्ट व्हावा म्हणून कॅल्शियम जास्त घातलं आणि तो दाणेदार झाला, दुसऱ्या दिवशी वर पाणी सुटलेलं. फळात आणि जड पाण्यातही कॅल्शियम असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे थोडं थोडं घाला आणि थंड बशीवर थेंब टाकून बघत राहा.

तक्रार एकच पण मोठी आहे, पाकिटावर नुसतं 'पेक्टिन' लिहिलंय. अमोनिया वापरून केलेला अमिडेटेड प्रकारही असतो, त्यात कॅल्शियम थोडं कमीजास्त झालं तरी निभावून जातं, मग आपल्या हातात नक्की कुठला आहे ते कळायला नको का? मेल केला तर 'सगळ्या जॅमला चालतं' एवढंच उत्तर आलं. विकत घेणाऱ्याला हे सांगायलाच हवं.

आणि हो, साखर कमी म्हणजे टिकणंही कमी, फ्रिजमध्येच ठेवा, माझी बाहेर राहिलेली एक बाटली बुरशी येऊन गेली. शुगरवाल्यांसाठी केला तरी फळाची स्वतःची साखर त्यात असतेच, आईला मी चमचा मोजूनच देते. चौथा जॅम मात्र अगदी हवा तसा झाला, चमच्यावर थरथरत उभा राहणारा, आणि फळाची चव पहिल्यांदाच एवढी समोर आली. पाचपैकी चार, एक गेला तो लेबलमुळे.