जुने लाइट गन गेम, नवा टीव्ही: कोणती बंदूक घ्यावी?

निन्टेंडोच्या ‘डक हंट’ गेमची जुनी बंदूक (लाइट गन) आणि तिचा कन्सोल माळ्यावरून काढून एलईडी टीव्हीला जोडला, तर गेम सुरू होतो, बदकं उडतात, कुत्रा दात काढून हसतो आणि एकही गोळी लागत नाही. बंदूक बहुधा धडधाकट असते. गेम मात्र जुन्या टीव्हीतली पिक्चर ट्यूब गृहीत धरून लिहिलेला असतो.

पर्याय निवडण्याआधी हे गृहीत काय होतं ते पाहून घ्यावं, कारण पैसे वाया जातात ते इथेच. ट्रिगर दाबला की १९८४चा हा गेम एका फ्रेमपुरता सगळा पडदा काळा करतो. पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बदकं दोन असतील तर चौकोनही दोन, एकामागून एक. बंदुकीच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. उजेड कोणत्या फ्रेमला दिसला यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. आधीची काळी फ्रेम आहे ती लबाडांसाठी. बल्बकडे बंदूक रोखली तर अंधार असायला हवा तेव्हाही उजेड दिसतो, आणि गोळी बाद होते.

एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ मिलिसेकंद. नवा टीव्ही चित्र आधी साठवतो, ताणून मोठं करतो, त्याला रंगरंगोटी करतो आणि मग दाखवतो. त्यात दोन-चार फ्रेम सहज उलटतात. गेम उत्तर मागतो तेव्हा चौकोन पडद्यावर आलेलाच नसतो. शिवाय ‘डक हंट’च्या बंदुकीचं, म्हणजे निन्टेंडोच्या झॅपरचं, सर्किट पिक्चर ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच दाद देतं. एलसीडीचा सपाट उजेड ते मोजतच नाही. प्लेस्टेशनच्या गनकॉन बंदुकीची तऱ्हा आणखी वेगळी. ती व्हिडिओ केबलमधून सिंक सिग्नल (फ्रेम आणि ओळ केव्हा सुरू होते ते सांगणारा इशारा) घेते आणि ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा किरण आपल्या समोरून नेमका केव्हा गेला ते टिपते. एक ओळ आखायला किरणाला साधारण ६४ मायक्रोसेकंद लागतात, त्या हिशेबाने आडवी-उभी जागा निघते. एलसीडीत आणि ओएलईडीत किरणच नाही. म्हणून एचडीएमआय कन्व्हर्टर किंवा महागडा अपस्केलर (जुनं चित्र मोठं करून देणारा डबा) घेऊन जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालेल ही आशा सोडा. चित्र झकास येईल, गोळी लागणार नाही. झॅपरचं सर्किट बदलून आणि गेमच्या कोडमध्ये मुद्दाम उशीर घालून एलसीडीवर शिकार करणारे छांदिष्ट आहेत, पण ती खटपट गेमगणिक नव्याने करावी लागते.

मग उरतं काय? माझ्या मते एकच प्रश्न आधी सोडवावा: तुम्हाला बंदुकीच्या माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवरून, नेम धरायचा आहे, की पडद्यावर फिरणारी फुली लक्ष्यावर नेऊन ट्रिगर दाबला तरी चालेल? दुसरं चालत असेल तर काम स्वस्तात होतं. पहिलंच हवं असेल, आणि ‘व्हर्च्युआ कॉप’, ‘टाइम क्रायसिस’, ‘हाउस ऑफ द डेड’ या गेमची खरी मजा त्यातच आहे असं मला वाटतं, तर थोडा खर्च आणि थोडी खटपट आलीच.

ट्यूबचाच टीव्ही आणावा का?

मूळ कन्सोल आणि मूळ बंदूक तुमच्याकडे चालू स्थितीत असेल तर हाच सगळ्यांत शुद्ध मार्ग. सेटिंग नाही, चित्राला उशीर (लॅग) नाही, फुली नाही. पण टीव्ही जड, जागा अडवणारा, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागतं. घ्यायचाच तर साधा ५०-६० हर्ट्झचा घ्या. ट्यूबच्या शेवटच्या काळात आलेले १०० हर्ट्झचे सेट चित्रावर डिजिटल प्रक्रिया करतात, आणि जुन्या बंदुका त्यांच्यापुढेही आंधळ्या होतात. दिसायला ट्यूब आहे म्हणून उचलून आणाल आणि फसाल. ज्याला फक्त दोन-तीन गेम कधीमधी खेळायचे आहेत त्याने या वाटेला जाऊ नये.

वी रिमोट: घरात असेल तर आधी हाच

निन्टेंडोचा वी हा कन्सोल २००६मध्ये आला आणि त्याने प्रश्नच उलटा केला. उजेड टीव्हीने पाडायची गरज नाही. टीव्हीजवळ इन्फ्रारेड दिव्यांची पट्टी ठेवायची आणि रिमोटमधल्या कॅमेऱ्याने ती पाहायची. टीव्ही कोणताही असो, काही बिघडत नाही. (नाव सेन्सर बार असलं तरी त्या पट्टीत सेन्सर नाही, नुसते दिवे आहेत. दोन मेणबत्त्यांवरही काम भागतं.) ‘हाउस ऑफ द डेड २’ आणि ‘३’ची जोडी वीवर २००८मध्ये आली, आणि खुद्द ‘डक हंट’ २०१४मध्ये वी यू या पुढच्या कन्सोलवर याच रिमोटसाठी परत आला. वीला एचडीएमआय नाही, वी यूला आहे आणि तो वीचे गेमही चालवतो, एवढं ध्यानात ठेवा. संगणकावर खेळायचं असेल तर डॉल्फिनबार नावाची यूएसबी पट्टी हाच रिमोट माउससारखा वापरू देते.

अडचण भूमितीची आहे. पट्टीचे दिवे कॅमेऱ्याला दोन ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपक्यांमधलं अंतर आखूड दिसलं, तर तुम्ही मागे गेलात की बाजूला सरकलात हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे एका जागी उभं राहून जुळवलेला नेम दोन पावलं सरकलं की ढळतो. गेमही म्हणून फुली दाखवतात, आणि आपण नकळत बंदूक सोडून फुलीकडे पाहायला लागतो. अल्टिमार्कची एमट्रॅक बंदूक हाताला खरी बंदूक वाटते, पण तिचंही गणित एका पट्टीचंच, म्हणजे जागा बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन, अर्थात नेमाची जुळवणी. सोनीच्या प्लेस्टेशन ३साठी २००७मध्ये ‘टाइम क्रायसिस ४’सोबत आलेली गनकॉन ३सुद्धा इन्फ्रारेड दिव्यांवर चालते, पण मोजक्याच गेममध्ये, फक्त त्यांच्यासाठी ती शोधणं मला परवडणारं वाटत नाही.

चार ठिपके की पांढरी चौकट?

खरी निवड या दोघांत आहे. दोन्हींचं तत्त्व एकच: पडद्याचा पूर्ण चौकोन बंदुकीला दिसला तर तो किती तिरपा दिसतोय यावरून तुम्ही कुठे उभे आहात तेही कळतं, मग नेम माशीवरून धरता येतो आणि फुली बंद करता येते. दोन्ही बहुतेकदा संगणक आणि इम्युलेटरच्या (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) वाटेनेच जातात, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडतं. इम्युलेटर बंदुकीचा नेम थेट आकड्यांत गेमला कळवतो, त्यामुळे टीव्हीने चित्र उशिरा दाखवलं म्हणून गोळी बाद होत नाही. उशीर जाणवतो तो डोळ्यांना. समोर दिसणारा शत्रू क्षणभर शिळा असतो, म्हणून टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारं सेटिंग) लावणं आलंच.

चार ठिपक्यांच्या गन४आयआर किंवा ओपनफायर या पद्धतीत टीव्हीच्या कडांना चार ठिकाणी इन्फ्रारेड दिवे लावतात आणि बंदुकीत वीच्या रिमोटसारखा कॅमेरा बसवतात. हिशेब बंदुकीतली छोटी चिपच करते. संगणकाला ती माउस किंवा गेमपॅड म्हणून दिसते. पडद्यावर काही आखावं लागत नाही, प्रतिसाद चटकन मिळतो. पण हा मूळचा स्वतः जुळवण्याचा उद्योग आहे: सोल्डरिंग, वायरी, बंदुकीचं जुनं खोकं. तयार जोडून देणारेही आहेत, अर्थात पैसे जास्त मोजून. दुसरी गोष्ट खोलीची. त्या कॅमेऱ्याची नजर अरुंद, आडवी सुमारे ३३ अंश. ५५ इंची टीव्ही साधारण १२१ सेंटीमीटर रुंद असतो. मधोमध नेम धरला तरी त्याच्या दोन्ही कडा नजरेत यायला दोन मीटरभर मागे जावं लागतं. कडेला नेम धरला की एखादा दिवा नजरेबाहेर जातोच, आणि मग उरलेल्यांवरून अंदाज बांधला जातो. खोली लहान आणि टीव्ही मोठा असेल तर आधी टेप घेऊन मोजा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर त्यातही इन्फ्रारेड असतंच.

पांढरी चौकट वापरणाऱ्या सिंडेन लाइटगनमध्ये दिवे नाहीत. नळीतल्या साध्या कॅमेऱ्याला दिसावी म्हणून गेमभोवती पांढरी चौकट आखलेली असते. तयार मिळते, टीव्हीला काही चिकटवावं लागत नाही, प्रोजेक्टरवरही चालते. जुने गेम ४:३ आकाराचे असल्याने चौकटीच्या उभ्या बाजू बाजूच्या काळ्या पट्ट्यांत मावतात. हिशेब मात्र संगणकावरचं सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे उशिरात थोडी भर पडते आणि दुबळा संगणक दमतो. माझं सर्वांत मोठं कुरबुरीचं कारण चौकटच. भुतांनी भरलेल्या अंधाऱ्या वाड्याभोवती झगझगीत पांढरी किनार बघत बसावं लागतं. ओएलईडीवर अशी स्थिर किनार तासन् तास ठेवणं तर, पडद्यावर तिचा डाग राहील या भीतीने, जिवावर येतं. आणि टीव्ही चित्राच्या कडा कापत असेल तर चौकटच कापली जाते. नेम एका बाजूला वेडावाकडा जात असला तर बंदुकीला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन (हेच कडा कापणं) बंद आहे का ते पाहा.

माझा कौल: हाताने जुळवाजुळव करायला आवडत असेल आणि मागे सरकायला जागा असेल तर चार दिवे. खोकं उघडून संध्याकाळपर्यंत खेळायचं असेल, किंवा टीव्ही इतरांचाही असल्याने त्याला काही चिकटवता येत नसेल, तर सिंडेन. गोळी झाडताना धक्का देणारी यंत्रणा दोन्हींत मिळते. हौस म्हणून छान, गरज म्हणून नाही. त्यापेक्षा ‘टाइम क्रायसिस’साठी पायाखाली यूएसबी पेडल घ्या. आर्केडमध्ये आडोशाला लपायचं आणि गोळ्या भरायच्या त्या पेडलने. तेच काम बंदुकीवरच्या बटणाने करताना नेम हलतो.

जायरोवर, म्हणजे हाताचं वळणं ओळखणाऱ्या सेन्सरवर, चालणारे रिमेक, उदाहरणार्थ २०२२चा ‘हाउस ऑफ द डेड’, निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरने खेळता येतात. पण जायरोला टीव्ही कुठे आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे नेम हळूहळू घसरतो आणि दर थोड्या वेळाने मध्यावर आणावा लागतो. माउसने तर ‘टाइम क्रायसिस’ फारच सोपा होतो.

दोघांनी मिळून खेळायचं असेल तर एक हिशेब वेगळा. चार दिव्यांच्या एकाच संचावर दोन बंदुका चालतात, कारण दिवे दोघींना सारखेच दिसतात आणि गणित ज्याचं त्याच्या चिपमध्ये होतं. सिंडेनची चौकटही दोघींना पुरते, पण दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकाच संगणकाने तपासायची असतात. संगणक जुना असेल तर आधी एकच बंदूक घ्या, ती वेगळ्या यूएसबी पोर्टवर नीट चालते का पाहा, आणि मगच दुसरीची ऑर्डर द्या.