‘ब्लो बाय ब्लो’ की ‘वायर्ड’?

रॉकमधून आलेल्या गिटारवादक जेफ बेकचं जॅझ फ्युजन, म्हणजे जॅझ आणि रॉकचा मिलाफ, ऐकायचं तर दोन अल्बम समोर येतात: १९७५चा ‘ब्लो बाय ब्लो’ आणि १९७६चा ‘वायर्ड’. दोन्हींत गायक नाही, दोन्हींचा निर्माता जॉर्ज मार्टिन, बीटल्सचाही निर्माता. ‘वायर्ड’मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्युजन बँडमधून आलेले यान हॅमर (सिंथेसायझर) आणि नारदा मायकल वॉल्डन (ड्रम्स) आहेत. सिंथेसायझर आणि गिटारची चुरस तिथे अक्षरशः अंगावर येते. पण माझा कौल पहिल्यालाच. स्टीव्ही वंडरच्या ‘कॉज वीव्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स’मध्ये बेक व्हॉल्यूमची कळ फिरवत सूर असा हळूहळू उमलवतो, की मींड घेणारा गवई आठवावा. शब्द नसूनही गाणं पुरतं कळतं. ‘वायर्ड’मधली जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसची रचना सुंदरच, तरी ही आर्तता तिथे नाही.