उघडा उतार झाकायचा: बी पेरावं की रोपं लावावीत?

बी स्वस्त पडतं, पेरणीही झटपट होते. पण पहिल्या जोरदार सरीत ते मातीसकट पायथ्याशी येऊन साचतं आणि वरचा उतार पुन्हा उघडा पडतो. मुळं धरलेली रोपं महाग, लावताना कंबर मोडते. तरी तीव्र उतारावर मी रोपांच्याच बाजूने आहे. खालच्या ओळीतलं रोप वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी ती लावा, म्हणजे पाण्याला सरळ खाली धावायला वाट मिळत नाही. प्रत्येकाला बशीएवढं आळं करा, खालची कड थोडी उंच. पसरणाऱ्या जातींना पेरापेरावर मुळं फुटतात आणि माती बांधली जाते. सौम्य उतारावर बी खुशाल पेरा, वर काथ्याची जाळी मात्र हवीच. तण दोन्हीकडे येतंच. ते हातानेच उपटा, कुदळीने माती पुन्हा सैल होते.